काटून दे

खोराटेंच्या स्टेशनरीच्या माडीवर
रविवारी अकराला टेबलं लागतात.
जिन्यातच पाटी:
भडंग खाऊन वर यायचं नाही.
कुणाच्या कार्डाला तेल लागलं
तर कार्डाची किंमत, आणि वर एक माफी.

मी हात धुतो, दोनदा.
उद्यमनगरातल्या भट्टीची काजळी
नखांच्या कडेला मुक्कामाला असते,
तिला रविवार कळत नाही.

माझी गड्डी साठाची.
एकसष्टावं नियमात बसतं,
पण नको तेव्हा हातात येतं.
भट्टी भरताना हे शिकलोय:
बीड किती, भंगार किती, सिलिकॉन चिमूटभर.
आवडतं म्हणून ज्यादा घातलं
की कास्टिंग तडकतं.
तरी राखेची राणी काढायला
मला तीन महिने लागले.
देखणी होती. पगारातून घेतलेली.
आली की शेजारच्या टेबलावरच्या माना वळायच्या
आणि मी हरायचो.
तिच्या जागी चार पखालवाले घातले.
पाणी वाहतात, बास.
त्यांच्याकडं कोण बघतंय.

समोर आज नुमान शिकलगार, पाचवी ब,
पाय जमिनीपासून वीतभर वर.
गड्डी पिसून त्याच्यापुढं सरकवली.
काटून दे.
माझ्या नशिबाला तुझा हात लागल्याशिवाय
आपल्यात डाव सुरू होत नाही.
त्यानं काटली, दोन्ही हातांनी,
चहाची भरलेली बशी उचलावी तशी.

पहिला डाव त्याचा.
वीजगेंड्यानं तुडवलं मला.
दुसऱ्यात, चौथ्या फेरीला, दिसलं:
त्याच्या गड्डीवरच्या पहिल्याच कव्हराचा कोपरा
दुमडून पांढरा पडलेला.
हाच कोपरा मघाशी उलटला होता
तेव्हा खाली गेंडा होता.

म्हणजे पुढं काय येणार
ते मला ठाऊक, त्याला नाही.
हातात माझ्या दगडी भिंत.
ठेवू? लावू?
न बघता खेळलो असतो तर काय केलं असतं?
बघितलेलं परत न बघण्याचं
कार्ड अजून कुणी छापलेलं नाही.

खोराटेंना हाक मारायची, तर
चष्मा कपाळावर चढवून ते म्हणणार,
खुणेची गड्डी, डाव बाद.
पोरगं जिना उतरून जाणार
आणि चौक ओलांडला तरी त्याला कळणार नाही
की आपण केलं काय.

"दादा, वेळ," नुमान म्हणाला,
घड्याळाकडं बोट दाखवत.
बरोबर होतं त्याचं.

"नुमान, तुझं वरचं कार्ड मला ओळखू येतंय."
त्यानं बघितलं. कान लाल.
"मी मुद्दाम नाय..."
"ठाऊक आहे."

माझ्या खिशात एक जादा कव्हर होतं, काळं.
त्याची सगळी निळी.
साठ निळ्यांत एक काळं ही तर आणखी मोठी खूण.
मग पाकीटच घेतलं खाली गल्ल्यावरून.
पैसे मी दिले.
त्यानं तळहातावर पेनानं लिहिलं: ८०.
पुसायला लागला नाही, बघत होतो मी.

"हात लावू कार्डांना?"
"लावा."
निम्मी त्यानं चढवली, निम्मी मी.
त्यात राणी निघाली.
कोपरे झिजलेले, पोटाशी घेऊन झोपल्यासारखे.
साठ नव्हती, चौसष्ट होती त्याची,
आवडलं ते सगळं आत.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं.
न विचारता सल्ला द्यायचा नाही,
ही पाटी जिन्यात नाही.
गिळलं.

पुन्हा पिसली. मी काटून दिली.
राणी आली. माना वळल्या.
माझीही.
गेंडा गाडला गेला तळाशी कुठंतरी,
पखालवाल्यांनी गुमान पाणी ओतलं,
डाव मी घेतला.
तिसराही.

मी हात पुढं केला.
"चांगला खेळलास" म्हटलं नाही,
हरलेल्याला ते लागतं कधी कधी.

नुमाननं आधी माझ्या नखांकडं बघितलं.
"हात धुतलाय न्हवं?"
मग आपला दिला, शाईचा.